ऐनाची साल

११ जानेवारी १९९९, वैशाखरे

पोचले एकदाची. कल्याणहून मुरबाड, तिथून माळशेजच्या रस्त्याने वैशाखरे. एस.टी.त मांडीवर प्रेशर कुकर आणि पायाशी काचेच्या बशांचं खोकं. शेजारच्या काकूंनी विचारलं, माहेरी चाललीस की सासरी? म्हटलं, जंगलात. त्यानंतर त्या मुरबाडपर्यंत खिडकीबाहेरच बघत बसल्या.

राहायची सोय सावळाराम आणि गिरजा या जोडप्याकडे आहे. पाड्याच्या टोकाला घर, समोर भाताची खाचरं, गोठ्यात दोन म्हशी. पडवीला लागून एक कोरडी खोली आहे, ती माझी प्रयोगशाळा. कुकरमध्ये सामान निर्जंतुक करायचं. लाकडी खोक्यात चाळीसचा बल्ब लावला की जिवाणू वाढवायची उबदार पेटी तयार. माझे मार्गदर्शक सर म्हणाले होते, उपकरणं पाठवतो. सरांची उपकरणं येईपर्यंत माझे केस पिकतील, म्हणून घरचंच घेऊन आले.

इथून पार शहापूरपर्यंतच्या जंगलात ऐनाची झाडं शेंड्याकडून वाळत चालली आहेत. बुरशीचा रोग आहे. पण पाड्याच्या वरच्या अंगाला देवराई आहे, तिथला एकही ऐन वाळलेला नाही. माझा कयास असा, की या झाडांच्या खोडात, आतल्या पाण्यात, काही जिवाणू मुक्कामाला आहेत. झाड त्यांना पोसतं आणि ते झाडाची राखण करतात. असे भाडेकरू मिळायला नशीब लागतं. ते कोण हे शोधायचं, की झाला माझा प्रबंध.

विद्याधर गेल्या मंगळवारी सुट्टी संपवून मस्कतला परत गेला. विमानतळावर मी रडले नाही. आज एस.टी.त थोडी रडले, पण काकू खिडकीबाहेर बघत होत्या, तेव्हा कोणाला कळलं नाही.

१४ जानेवारी

देवराईत पहिला दिवस. ऐन काही देखणं झाड नाही. साल मगरीच्या पाठीसारखी, चौकोनी भेगांची. गिरजावहिनीने विचारलं, ही अशी का फाटते. मी शिकवायला टपलेलीच असते. सांगितलं, साल मेलेली असते आणि आतलं झाड जिवंत. आतलं वाढत जातं, मेलेल्याला काही ताणता येत नाही, मग ते फाटतं. वहिनीने सालीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "मंग दुखत नसंल तिला."

देवराईत कोणी पातं लावत नाही. लावावंच लागलं तर आधी तोंडात भाताचा घास घ्यायचा, बारीक चावायचा, तसाच धरून ठेवायचा. मग काप घ्यायचा आणि त्या चावलेल्या भाताने जखम बुजवायची. जो कापतो त्यानेच बुजवायची, आणि घास तोंडात असेपर्यंत बोलायचं नाही. सावळारामभाऊंनी हे चपला बाहेर काढा म्हणावं इतक्या सहज सांगितलं. मीही गाल फुगवून गिरमिट फिरवलं. भोकातून पाण्याची बारीक धार आली. ऐनाच्या खोडात पाणी साठलेलं असतं. ते बाटलीत धरलं. लाळेतले जंतू झाडात गेले तर माझ्या पुढच्या तपासण्यांचा बट्ट्याबोळ, म्हणून आधी मेण भरलं आणि वरून भात लिंपला. विज्ञानही राखलं आणि देवाचा मानही. वहिनी हसून म्हणाली की घास धरलेला असताना मी हनुमानासारखी दिसत होते.

२ फेब्रुवारी

सापडला. देवराईतल्या प्रत्येक ऐनाच्या पाण्यातून बशीत एकच वसाहत उगवते, मधाच्या थेंबासारखी पिवळी, चकचकीत. वाळलेल्या झाडांत तिचा पत्ता नाही. तिच्याशेजारी रोगाची बुरशी लावली तर बुरशी बोटभर अंतरावर थांबते, पुढे सरकतच नाही. पाहिलं तेव्हा मी खोलीत एकटीच नाचले.

नाचून झाल्यावर गाढवपणा केला. पिपेटची काचनळी तोंडाने ओढायची आम्हा सगळ्यांना कॉलेजपासूनची खोड. तोंडाकडच्या टोकात कापसाचा बोळा खोचला की काळजी नसते. पण माझा कापूस वहिनीने देवाच्या वातींना नेला होता. (प्रयोगशाळेचा कापूस तेल पीत नाही, वाती पेटेनात, म्हणून वर मलाच बोलली.) मी बोळ्याशिवायच ओढायला गेले. गोठ्यात म्हैस हंबरली, मी दचकले, आणि दाट वाढवलेल्या जिवाणूंचा अख्खा घोट घशाखाली. आधी तुरट, मग गोडसर. भरपूर चुळा भरल्या. झाडातले जिवाणू माणसात टिकत नाहीत, असं पुस्तकात आहे. तरी ते पान काढून दोनदा वाचलं.

२४ फेब्रुवारी

जुलाब नाही, ताप नाही. पाळी मात्र सलग दुसऱ्यांदा चुकली. मुरबाडच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. दिवस गेलेत.

आनंद लिहायला हात धजत नाही. याआधी दोनदा असं झालं आणि दोन्ही वेळा तिसरा महिना संपायच्या आत सगळं गेलं. दुसऱ्या वेळी तर आईने झबलं शिवायला घेतलं होतं. ते तिने तसंच, एका बाहीचं, पेटीत ठेवलंय. विद्याधरला इतक्यात कळवणार नाही. डॉक्टरीणबाईंनी कल्याणपर्यंत एस.टी.चे धक्के खायला बंदी केली. आहात तिथेच राहा, नीट खा, म्हणाल्या. मी त्यांना घोटाचं सांगितलं नाही. सांगून काय सांगणार, झाडाचं पाणी प्यायले म्हणून?

२९ मार्च

पाड्यात तापाची साथ आली आहे. वहिनी अंथरुणात, सावळारामभाऊ अंथरुणात, शेजारची रंगू तर बडबडत होती. मी सगळ्यांच्या उशाशी बसले, त्यांच्या तोंडाजवळ वाकले. मला साधी शिंकही आली नाही.

विळीवर बोट कापलं. रक्त जेमतेम थेंबभर आलं. संध्याकाळी बघते तर जखमेवर तपकिरी, कडक, डिंकासारखा खडा. तो नखाने काढला तर खाली कापल्याची खूणही नव्हती. मी माझी लाळ एका बशीवर पसरली आणि पेटीत ठेवली.

३१ मार्च

बशीभर मधाचे थेंब.

शांतपणे विचार करायचा प्रयत्न करते आहे. ते माझ्यात राहिले आहेत, वाढले आहेत, आणि झाडासाठी करतात तेच माझ्यासाठी करत आहेत. भीती वाटली. स्पिरिटच्या फडक्याने हात पुन्हा पुन्हा पुसले, जसं काही ते हातावर होते. मग पोटावर हात ठेवून बसले आणि एक विचार आला, तो इथे लिहूनच टाकते. हे जर माझी राखण करत असतील, तर कदाचित त्याचीही करतील.

१९ एप्रिल

तिसरा महिना संपून वर महिना होत आला. काही गेलं नाही. डॉक्टरीणबाईंनी ठोके ऐकवले. मी त्यांच्या टेबलावर हुंदके देऊन रडले, त्या बिचाऱ्या घाबरल्या.

आता खरं लिहिते. मी तो घोट पुन्हा घेतला. या वेळी म्हैस हंबरली नव्हती. वाटीत ओतून, सावकाश, आणि त्यानंतर रोज सकाळी. सरांना कळवलं आहे की काम हळू चाललंय.

६ जून

बाळ हलतं. मासोळीसारखं सुळकन फिरतं. विद्याधरला फोनवर सांगितलं, तो तिकडे इतका ओरडला की बूथवाल्यालाही ऐकू गेलं. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात येतोय. तोवर त्याला धीर निघायचा नाही, आणि मलाही.

एकच गोष्ट. कोपरं आणि टाचा निबर झाल्यात. खेड्यात अनवाणी फिरते, होणारच. पण आज डॉक्टरीणबाई रक्त घ्यायला गेल्या तर सुई आत शिरेना. दुसरी घेतली, जोर लावला. शिरली. सुईतून आधी पाणी आलं. स्वच्छ, बिनरंगाचं पाणी, आणि मग कुठे रक्त. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे. अंगावर सूज असेल, म्हणाल्या, आणि शहापूरला मोठ्या डॉक्टरांना दाखवायची चिठ्ठी दिली. चिठ्ठी मी वहीत ठेवली आहे.

९ जुलै

पाठीवर, मांड्यांवर, दंडावर. चौकोन चौकोन. खाज नाही, दुखत नाही. तिथे टाचणी टोचली तर काही कळत नाही.

मी मूर्ख असेन पण शिकलेली आहे. मुरबाडहून अँटिबायोटिक आणवलं. गोळी चुरून बशीत मधोमध टाकली. दुसऱ्या दिवशी तिच्याभोवती स्वच्छ गोल रिंगण, एक थेंबही जिवंत नाही. म्हणजे औषध आहे. साधं, कुठल्याही दुकानात मिळणारं औषध. मला इतकं हायसं वाटलं की मी वहिनीला मिठी मारली. तिने माझ्या दंडाला हात लावला आणि पटकन काढून घेतला.

वाटी बंद. आजपासून गोळ्या.

११ जुलै

कोपराची कातडी मऊ पडली. खाली गुलाबी आहे. देवा, माझीच कातडी आहे.

बाळ सकाळपासून हललं नाही.

१२ जुलै

नाही हललं. गूळ खाल्ला, गार पाणी प्यायले, कुशीवर झोपून बघितलं. वहिनीने पोटाला कान लावला, खूप वेळ लावून ठेवला. मग देवापुढे दिवा लावायला गेली.

मी गोळ्या परसात फेकल्या. वाटी भरली. घाईत निम्मं सांडलं. सांडलेलं जमिनीवरून बोटाने पुसून घेतलं.

१३ जुलै

हललं. दुपारी एक जोराची लाथ. मी खोलीत मोठ्याने हसले. मग बराच वेळ हसणं थांबवता येईना, म्हणून वहिनी धावत आली.

२२ जुलै

सगळं उलटं समजत होते मी.

वाटायचं झाड म्हणजे मी, आणि हे माझी राखण करतात. पण हे जिवाणू वाढत्या अंगाची राखण करतात. मी कुठे वाढते आहे? सगळ्यात वेगाने वाढतंय ते माझ्या आत आहे. त्यांनी त्याला झाड मानलंय. त्याच्याभोवती जे काही आहे, त्याची ते साल करताहेत. आत कोणताही रोग जाऊ नये म्हणून.

मी झाड नव्हेच. मी साल आहे.

गोळ्या घेतल्या तर मी वाचते, ते जातं. नाही घेतल्या तर — हे वाक्य पुरं करत नाही. फार भीती वाटते. आई हवी होती इथे.

८ ऑगस्ट

बूथपर्यंत चालत गेले, काठी घेऊन. गुडघे वळत नाहीत. डोक्यावरून पदर, हातावर पदर. विद्याधरने विचारलं, आवाज असा का येतो? म्हटलं, घसा बसलाय, पाऊस आहे ना. त्याने बाळासाठी खोकंभर खेळणी घेतली आहेत. एकेक करून सांगत राहिला. मी ऐकत राहिले. त्याला काही सांगितलं तर तो कल्याणच्या शेजाऱ्यांना फोन करेल, ते गाडी घेऊन येतील, मला दवाखान्यात नेतील. आणि दवाखान्यात सगळ्यात आधी अँटिबायोटिकचं इंजेक्शन देतात. सुई शिरली नाही तर सलाईनमधून देतील, नाकातून देतील.

येताना वाटेत बराच वेळ नुसतीच उभी राहिले. पावसात. पायाखाली माती गार लागत होती. सावळारामभाऊंनी हाताला धरून हलवलं तेव्हा भानावर आले. म्हणाले, केव्हाच्या हाका मारतोय.

३० ऑगस्ट

वहिनीने देवाला कोंबडं दिलं. काही झालं नाही. तिच्या डोळ्यांत आता मला बघताना भीती असते. तरी जेवण आणते, भरवते. घास गिळायला वेळ लागतो. पाणी मात्र कितीही प्यायलं तरी हवं असतं.

बाळ छान आहे. दणदणीत. इतकं निरोगी मूल या घरात कोणी —

१२ सप्टेंबर

पोटावर भेगा पडल्या. खोल. आतून पाणी झिरपतं.

वहिनी ताटलीत भात घेऊन आली. मला वाटलं भरवायला. ती समोर बसून स्वतःच चावत राहिली. मग चावलेला भात बोटावर घेतला आणि एकेक भेग बुजवली. अलगद, बाळंतिणीला तेल लावावं तशी. रडत होती. सगळ्या भरून झाल्यावर बोलली.

"जो कापंल त्यानंच बुजवायचं आसतं, बाय. पन तुला कोनी कापली गो?"

कोणी नाही, म्हटलं. मीच.

१९ सप्टेंबर

पेन बोटांना चिंधीने बांधलंय. बोटं वळत नाहीत.

भाताने बरं वाटतं. त्याची वाट बघते मी. हेच भीतिदायक आहे.

२३ सप्टेंबर

कळा. सकाळपासून. बाळ खाली ढकलतंय, पण कुठे जाणार — काहीच ताणत नाही. सगळं कडक. पोटावर हात मारला तर खोडासारखा आवाज येतो.

सावळारामभाऊ जीप आणायला गेले. मी नको म्हणत होते. ओठ हलतात का माझे? ऐकू गेलं नाही त्यांना —

२३, दुपार

जीप आली की दवाखाना. दवाखाना म्हणजे औषध. बाहेर आल्यावर त्याला औषध बाधायचं नाही, तेव्हा त्याला आईची साल लागणार नाही. पण आत असताना — नाही. आधी ते बाहेर. जीप यायच्या आत.

मेलेल्याला ताणता येत नाही. फाटतं. मीच शिकवलं होतं तिला.

वहिनीला कागदावर लिहून दाखवलं. तिला वाचता येत नाही. मग मी बोटाने दाखवलं. मोठी भेग, बेंबीखालची. वरपासून खालपर्यंत.

ती उठली आणि बाहेर गेली. मला वाटलं, पळाली.

आली. ताटलीत भात आहे. दुसऱ्या हातात कोयता, धुतलेला, पाणी गळतंय.

मी तिला विचारते आहे, घाबरलीस का. विचारते आहे की नुसतंच लिहिते आहे — कळत नाही. ती भात तोंडात घालते. चावते आहे. गाल फुगलेत. बारीक चावते आहे, खूप वेळ —

दुखणार नाही, वहिनी. तूच म्हणाली होतीस.

लांब जीपचा आवाज. वळणावर —

आतून लाथ. केवढी जोरात. केवढं धडधाकट आहे माझं —

तिने घास गालात धरला. पदर खोचला. आता बोलायची नाही ती.

वहिनी, आधी त्याला काढ, मग भात. मला नंतर बुजव. आधी त्याला —